कॅबिनेटमधले पिवळे ठिपके

परवा माझ्या मुलानं घरीच कॉम्प्युटर जुळवायचा म्हणून नवं कॅबिनेट मागवलं. खोकं दारात आलं तेव्हा तो कामावर होता. फोनवर म्हणाला, "आई, नुसतं घेऊन ठेव. उघडू नकोस." मी घेऊन ठेवलं. मग चारी बाजूंनी टकटक करून पाहिलं. एका कोपऱ्याला पुठ्ठा दबल्यासारखा दिसला, तिथं बोट घालून पाहिलं. चिकटपट्टी एकदाच लावलीय की काढून पुन्हा चिकटवलीय, हे खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं. शेवटी राहवेना, म्हणून मोबाईल स्टुलावर उभा करून, व्हिडिओ चालू ठेवून खोकं उघडलं, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की तुम्हीच फोडलंत. आतून जे निघालं त्याला एका बाजूला अख्खी काच, पुढं जाळी, वर जाळी, मागं जाळी. मी पुढच्या जाळीवर तोंड नेऊन फुंकर मारली आणि पलीकडं हात धरला. वारा हाताला लागला. मग जरा निवांत खाली बसले. संध्याकाळी मुलानं तो व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, "तू अगदी आजोबांवर गेलीस." मला असा राग आला म्हणून सांगू! जेवताना मी त्याच्याशी बोलले नाही. पण रागाचं कारण त्याला सांगायचं तर त्या दुसऱ्या कॅबिनेटची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. म्हणून इथं लिहून ठेवतेय.

माझे वडील, अण्णा, वाळूजच्या एका कारखान्यात तपासनीस होते. तिथं गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्या बनायच्या. टाकी बनून आली की तिची भोकं बंद करून, आत हवा भरून तिला पाण्याच्या हौदात बुडवायचं, आणि कुठून बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. बुडबुडा आला की टाकी बाद. उभी हयात त्यांनी बुडबुडे बघण्यात घालवली. कंपनीची बस पहाटे आमच्या सिडकोतल्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न द्यायची, अण्णा डबा घेऊन पळायचे, आणि संध्याकाळी त्याच बसनं तोच माणूस, त्याच नजरेनं घरी यायचा. घरी आल्यावर बाकीचे बाप हातपाय धुतात, चहा मागतात. आमचे अण्णा आधी दिवसभरात घरात नवीन काय आलं ते बघायचे. नवा कुकर आला तर तो बादलीत बुडवायचे. दुधाची पिशवी दाबून बघायचे. मामानं आईला मिक्सर दिला, तर मामा बसलेला असतानाच अण्णांनी तो उलटा करून त्याचे स्क्रू मोजले. आई बिचारी लाजेनं चूर झाली. मामा मात्र हसून म्हणाला, "दाजी, पास का नापास?"

कारण घरात पास-नापासची पद्धतच होती. कारखान्यात मालावर रंगाच्या खुणा करतात, तशा अण्णा घरातही करायचे. देवळीत ऑइलपेंटच्या तीन छोट्या डब्या आणि एक काडी असायची. हिरवा ठिपका म्हणजे पास, लाल म्हणजे बाद, आणि पिवळा म्हणजे संशयित. संशयित माल वापरायचा, पण त्याच्यावर डोळा ठेवायचा. आमच्या स्टुलाच्या एका पायाला पिवळा ठिपका होता. मामाच्या मिक्सरला पिवळा होता. कूलरच्या पंपाला आधी हिरवा होता, मग त्यावर पिवळा आला. माझ्या मैत्रिणी घरी आल्या की मी त्यांना हे सगळं म्युझियम दाखवावं तसं दाखवायची, आणि आम्ही पोट धरधरून हसायचो. सगळ्यात जास्त हसायची नसरीन.

नसरीन माझ्याबरोबर पॉलिटेक्निकला होती. दोघी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला. राहायची रोशन गेटला. तिचे अब्बा उर्दू शाळेत मास्तर. उंच, सावळी, चालताना दप्तर एका खांद्यावर टाकून भराभरा चालणारी, आणि बोलताना मराठीतून दखनीत कधी शिरली आणि कधी बाहेर आली हे तिचं तिलाच कळत नसे. आमच्याकडं आली की आईच्या हातचे धपाटे दह्याबरोबर खायची आणि आईला म्हणायची, "मावशी, तुमच्या हातात जादू हाय, सच्ची." मी तिच्याकडं गेले की तिची अम्मी खिचडी आणि खट्टा पुढं ठेवायची. तो आंबट खट्टा मी वाटीनं प्यायचे आणि अम्मी म्हणायची, "धीरे पी बेटा, पीछे कोई लगा है क्या?" शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला आम्ही दोघींनी जोडी केली होती. एका कारखान्याचा पगारपत्रक काढायचा प्रोग्रॅम. कॉलेजातल्या मशीनवर नंबर लागायचा नाही, आणि लागला तर वीज जायची. मग नसरीनच म्हणाली, आपण दोघी मिळून एक कॉम्प्युटर जुळवू. अर्धा तुझा, अर्धा माझा. एक आठवडा तुझ्या घरी, एक आठवडा माझ्या घरी. आज हे ऐकून हसू येईल, पण तेव्हा लोक असे कॉम्प्युटर जुळवत असत, आणि दोन घरांत एक मशीन ही काही फार नवलाची गोष्ट नव्हती. नवल हे की अण्णा हो म्हणाले. एकच अट घातली. "पेटी मी बघणार," म्हणाले. "आतलं तुमचं तुम्ही बघा. ते मला कळत नाय. पण पत्रा मला कळतो."

पैठण गेटच्या एका गल्लीत जिना चढून दुकान होतं. सुटे भाग मुंबईहून ट्रॅव्हल्सनं यायचे आणि दुकानदार ते काचेच्या कपाटात सराफानं दागिने मांडावेत तसे मांडायचा. अण्णा, नसरीन आणि मी अशी आमची वरात तिथं गेली. दुकानदारानं पांढऱ्या रंगाची दोन-तीन कॅबिनेटं काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "कोणतंही घ्या साहेब, खोकं ते खोकं." झालं! हे वाक्य त्यानं म्हणायला नको होतं. अण्णांनी खिशातून लोहचुंबक काढला आणि पत्र्याला लावला. मग अंगठ्यानं मधोमध दाबून पत्रा कुरकुरतो का ते ऐकलं. मग पेटी काउंटरच्या काचेवर ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं दाबले, डुगडुगते का ते बघायला. पहिली डुगडुगली, ती त्यांनी हातानंच बाजूला सारली. दुसऱ्या पेटीचं झाकण काढलं, खिशातून कापसाचा बोळा काढला आणि आतल्या सगळ्या कडांवरून फिरवला. जिथं पत्र्याची धार राहिलेली असते तिथं कापूस अडकतो. कापसाचे धागे जागोजागी लटकले. "हिच्यात हात घालशील तर बोट कापून घेशील," मला म्हणाले. दुकानदार हात बांधून बघत होता. "साहेब, कॉम्प्युटरचं खोकं हाय," म्हणाला, "मोटारीचा दरवाजा नाय."

"दरवाजा असता तर कवाच परत पाठवला असता," अण्णा म्हणाले.

नसरीनला हसू आवरेना. तिसरी पेटी कापसाला पास झाली. डुगडुगली नाही. स्क्रू हातानं फिरवले तर आटे गुळगुळीत चालले. पुढचं बटण अण्णांनी इतक्या वेळा दाबलं की दुकानदार डोळे मिटून बसला. आणि मग ती परीक्षा झाली, जिच्यापायी पुढचं सगळं रामायण घडलं. अण्णांनी बॅटरी मागवली. पेटी रिकामीच होती, तिच्यात बॅटरी पेटवून ठेवली, झाकण लावलं, आणि दुकानदाराला म्हणाले, "जरा ट्यूब बंद करा." त्यानं गयावया केली, पण अण्णांच्या तोंडाकडं बघून केली बंद. दुकानाच्या अंधारात ती पेटी दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी उजळली. पुढच्या खाचांतून उजेड, बाजूच्या भोकांतून उजेड, मागं एक भलं मोठं गोल भोक, त्यातूनही उजेड. नसरीन म्हणाली, "किती छान दिसतंय ना!" अण्णा मात्र गंभीर झाले होते. "ही पेटी हाय का चाळणी?" म्हणाले. "धूळ जाईल, मुंग्या जातील, पाल जाईल. ह्याला काय अर्थ हाय?" दुकानदार म्हणाला, सगळ्या अशाच येतात. "सगळे करतात म्हणून चूक बरोबर व्हते का?" असं म्हणून अण्णांनी तीच पेटी घेतली, पण हिरवा ठिपका दिला नाही. म्हणाले, आधी काम करावं लागंल.

ते काम त्यांनी रविवारी केलं. खिडकीच्या काचा बसवायला वापरतात ती लांबी आणली, तेलाचा हात लावून मळली, आणि आतल्या बाजूनं एकूण एक खाच बुजवली. मागच्या गोल भोकावर पत्र्याची चकती कापून बसवली. वाळल्यावर सगळं घासून, त्याच पांढऱ्या रंगाचा हात दिला. वीजपुरवठ्याच्या डब्याला स्वतःचा छोटा पंखा होता, तेवढा मात्र सोडला, कारण तो फिरताना दिसत होता. मग पुन्हा बॅटरी आत ठेवली, खोलीतले पडदे ओढले. एक किरण बाहेर येईना. टाकीसारखी बंद! आई म्हणाली, "कंपनीतून आल्यासारखी दिसती." मला तर अभिमानच वाटला. नसरीन आली तेव्हा तिनं बोटं फिरवून पाहिली, "क्या सफाई है काका!" म्हणाली. अण्णांनी डबी उघडली, काडी बुडवली आणि कॅबिनेटच्या मागं एक छोटा हिरवा ठिपका ठेवला. आम्ही दोघी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या डोक्यात फॉर्म्युले होते, लॉजिकच्या आकृत्या होत्या, आणि त्या भोकांचं काम काय हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही पडला नाही.

वर आईनं निळ्या कापडाची झालर लावलेली खोळ शिवली. कॉम्प्युटर आमच्याकडं असला की खोलीत चपला बंद, खाणं बंद. कूलरचा वारा माणसांवर, त्याच्यावर नाही, कारण त्या वाऱ्यात ओल असते. नसरीनच्या घरी सगळाच मोकळा कारभार. तिनं एकदा काही जोडायला झाकण काढलं ते परत लावलंच नाही. रोज कोण स्क्रू आवळणार-सोडणार, म्हणायची. मशीन टेबलावर उघडंवाघडं, शेजारी टेबलफॅन, आणि अम्मी त्याच्यापुढून कपड्यांची पाटी घेऊन जायची. शनिवारी ते आमच्याकडं आणायच्या आधी मात्र ती आठवणीनं झाकण लावून सगळे स्क्रू घट्ट करायची. अण्णांना माहीत होती ना ती. मग रिक्षात मांडीवर कॅबिनेट, पायाशी मॉनिटर, अशी मिरवत यायची.

उन्हाळा चढला तसं मशीन बिघडलं. म्हणजे आमच्या घरीच बिघडलं. चालू करायचं, जरा काम करायचं, आणि मध्येच पडदा गोठायचा. कळ दाबा, काही नाही. बंद करून ठेवलं की पुन्हा चालू, पुन्हा गोठणार. प्रकल्प दाखवायचा दिवस जवळ आला होता, आणि माझ्या आठवड्यात कामाचं पानही हलेना. नसरीनकडं मात्र तेच यंत्र दिवसभर चालायचं. "तिच्याकडं बरं चालतं," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. सहज म्हणाली की कसं, मला ठाऊक नाही. पण अण्णांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच. त्यांनी मला विचारलं, तिकडं कोण कोण हात लावतं? तिचा भाऊ हाय का? येणारं-जाणारं कोण? मी म्हटलं, अण्णा, असं काय विचारता? "इचारायला काय झालं," म्हणाले, "जिनस एकच, जागा बदलली की वागणूक बदलते, म्हंजे मधी कायतरी व्हतंय." एवढं बोलून ते उठले. पुढं त्यांनी काय केलं ते मला कळलं नाही. कळलं ते नसरीनबरोबरच.

पुढचा आठवडा मशीन तिच्याकडं होतं, पण घरी पाहुणे होते म्हणून तिनं ते उघडलंही नाही, चालवलंही नाही. शनिवारी दुपारी ती ते घेऊन आली. मी खोळ बाजूला ठेवली, आम्ही चालू केलं, आणि पगारपत्रक अर्ध्यात असतानाच पडदा गोठला. नसरीन वैतागली. "थांब, आत बघू दे, काही ढिलं झालं असंल." तिनं स्क्रू काढले, झाकण भिंतीला टेकवून ठेवलं आणि आत वाकली. मी पंखा तिच्याकडं वळवत होते.  ती हळूच म्हणाली, "शोभा, हे काय गं?"

मी वाकून पाहिलं. मेमरीच्या पट्टीच्या टोकाला एक पिवळा ठिपका होता. हार्डडिस्कवर एक. मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक. प्रत्येक कार्डावर, अगदी वायरींच्या खोबणीवरसुद्धा, काडीच्या टोकाएवढा, नीटस, पिवळा. मी मूर्खासारखी म्हटलं, "कंपनीचंच असंल." नसरीननं नखानं एक ठिपका खरवडला. बंद पेटीत ऑइलपेंट पुरतं वाळलेलं नव्हतं. तिचं नख पिवळं झालं.

अण्णा दारात उभे होते, हातात चहाची बशी. नसरीन सरळ उभी राहिली. तिला ते रंग मीच शिकवले होते, हसत हसत, स्टुलाचा पाय दाखवून.

"काका, पिवळा म्हणजे काय असतं?"

"खूण हाय नुसती," अण्णा म्हणाले. "पार्ट बदलू नये म्हणून."

"कोण बदलणार, काका?"

 आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथंच थबकली.  नसरीन म्हणाली, "मग आता बघून घ्या. सगळे आहेत का बघा. मी थांबते." आवाज चढवला नव्हता तिनं. मला वाटलं, आता अण्णा म्हणतील, अगं नाय पोरी, असू दे. पण माझ्या बापानं बशी खिडकीत ठेवली, चष्मा लावला, वाकले, आणि बघितले. खरंच बघितले! एकेक ठिपका, बोट लावून. मला वाटलं धरणी दुभंगावी आणि मी आत जावं. "सगळे हायत," अण्णा म्हणाले. नसरीननं खाटेवर आपली पर्स उपडी केली. रुमाल, बसचा पास, कंगवा, अम्मीनं आईसाठी दिलेली लोणच्याची बाटली. "हे पण बघा," म्हणाली. मग लोणचं तेवढं तिथंच ठेवून बाकीचं गोळा केलं आणि चप्पल घालून निघाली.

मी तिच्यामागं फाटकापर्यंत धावले. ऊन असं होतं की लोखंडी फाटकाला हात लागेना. तिनं वळून विचारलं, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, नाही, आईची शपथ. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि अगदी तसं पाहिलं जसं अण्णा टाकीकडं बघत असणार, बुडबुडा येतोय का म्हणून. मग म्हणाली, "माझ्या जागी ती तुमची सुलभा असती, तर लावले असते ठिपके?" सुलभा म्हणजे आमच्या शेजारच्या कुलकर्ण्यांची मुलगी, तीही आमच्याच वर्गात.  नसरीननं रिक्षा थांबवली आणि गेली.

ह्या प्रश्नाशी मी अजून झगडते. पुढं कितीतरी वर्षं मी लोकांना हसत सांगायचे की आमच्या अण्णांच्या संशयाला जातधर्म काही नव्हतं, सख्ख्या मेव्हण्याच्या मिक्सरलाही त्यांनी पिवळा ठिपका दिला. ते खरंच आहे. पण मामाला कुणी पर्स उपडी करायला लावली नाही, आणि मामा 'पास का नापास' म्हणून हसू शकला, कारण त्याला ठाऊक होतं की त्याचं काही बिघडणार नाही. नसरीनला तसं हसता आलं नाही. आता ह्या वयात मला अण्णांबद्दल तेवढ्या ठामपणे बोलवत नाही.

मी आत येऊन भिंतीकडं तोंड करून पडले. अण्णांशी बोलणार नाही, जेवणार नाही, पॉलिटेक्निकलाही जाणार नाही, असं सगळं ठरवून टाकलं. आईनं जाता जाता मशीनची कळ दाबून ते पुन्हा चालू केलं होतं का, की नसरीननंच वाकायच्या आधी केलं होतं, देव जाणे, पण बऱ्याच वेळानं आईची हाक आली, "अहो, ते यंत्र अजून चालूच हाय बघा." झाकण भिंतीला टेकलेलं, मशीन उघडं, आणि चालू होताच आपोआप सुरू होईल असं आम्ही लावून ठेवलेलं पगारपत्रक पडद्यावर खुशाल चाललेलं. अण्णा आले. त्यांना ते चालणंही संशयास्पद वाटलं. स्टूल ओढून, हाताची घडी घालून समोर बसले, आता गोठेल मग गोठेल म्हणून वाट बघत. चहाची वेळ झाली, ते चाललं. पाणी आलं, आईनं हंडे भरले, ते चाललं. दिवेलागण झाली, तरी चाललं. तेव्हा अण्णांनी झाकण उचललं, लावलं आणि सगळे स्क्रू आवळले. थोड्या वेळात पडदा गोठला. झाकण काढलं, पत्र्याच्या आत हात घातला आणि चटकन मागं घेतला. गार होऊ दिलं, पुन्हा चालू केलं; चाललं. झाकण लावलं, गोठलं. मी उशीतून एका डोळ्यानं बघत होते. मग ते देवळीतून बॅटरी घेऊन आले, मशीन बंद केलं, बॅटरी पेटवून आत ठेवली आणि झाकण लावलं.

"शोभे, दिवा घालव."

मी उठून दिवा घालवला. खोलीत मिट्ट अंधार झाला.

"कुठून उजेड दिसतो का?"

"नाही अण्णा," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच मला कळलं, आणि त्यांनाही.  मग त्यांचा आवाज आला, "टाकी केली मी ह्याची."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अण्णांनी स्क्रूड्रायव्हरनं सगळी लांबी उकरून काढली. मागची चकती उचकटली. पांढरा रंग निघाला, पत्र्यावर ओरखडे उठले, सुंदर काम होतं ते सगळं विद्रूप झालं. मग रॉकेलचं फडकं घेऊन आतले पिवळे ठिपके एकेक करून पुसले. मला म्हणाले, "चल." रिक्षात कॅबिनेट त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. रिक्षावाल्याला म्हणाले, रोशन गेट.

अम्मीनं दार उघडलं. तिला काय झालंय ते ठाऊक असणारच, पण तिनं खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. नसरीन आतून आली आणि दारातच उभी राहिली. अण्णा उभं राहून म्हणाले, "पोरी, बिघाड माझा व्हता. भोकं मी बुजवली, त्यानं गरम व्हत व्हतं. तुझ्या घरी झाकण नसायचं म्हणून चालायचं. तुझं कायबी नव्हतं." माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणापुढं एवढं लांब बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता झालं, संपलं. पण अण्णा ते अण्णाच. त्यांनी खिशातून हिरव्या रंगाची डबी काढली. कारखान्यात संशयित माल निर्दोष निघाला की त्याच्यावर हिरवा ठिपका द्यायचा नियम असतो. त्यांच्या दृष्टीनं ह्याहून मोठी माफी नव्हती. ते आतल्या मेमरीच्या पट्टीकडं वाकले.

"हिरवा नको काका," नसरीन म्हणाली.

अण्णांचा हात तसाच राहिला.

"मी पास-नापास व्हायला नव्हते येत तुमच्याकडं. मी धपाटे खायला यायची."

अम्मी म्हणाली, "नसरीन, बड़ों से ऐसा नहीं बोलते." अण्णांनी डबीचं झाकण लावलं. ते दोनदा तिरकं बसलं, मग नीट बसलं. खिचडी आणि खट्टा पुढं आला. अण्णांनी खाल्लं, तपासून न बघता खाल्लं, हे मी मुद्दाम सांगते.

प्रकल्प आम्ही तिच्या घरी पुरा केला, उघड्या कॅबिनेटवर, आणि बरा झाला. आमच्या घरी ती पुन्हा यायला मात्र बरेच महिने गेले. आली ती आईच्या आजारपणात, लोणच्याची बाटली घेऊनच. जाताना तिनं अण्णांसमोर पर्सची चेन उघडली आणि हसून म्हणाली, "बघून घ्या काका." सगळे हसलो. अण्णाही हसल्यासारखं करून खिडकीकडं बघायला लागले. मग ती रीतच पडली. तिला नोकरी लागली तेव्हा, तिच्या लग्नाची पत्रिका द्यायला आली तेव्हा, माझ्या बाळंतपणात, दर वेळी निघताना पर्स उघडायची आणि म्हणायची, बघून घ्या काका. लोकांना वाटायचं, काय गमतीची पोरगी आहे. मलाही कधी कधी तसं वाटायचं, म्हणजे तसं वाटलेलं बरं पडायचं. पण माझ्या लक्षात आलं की ती निघायची वेळ झाली की अण्णा मागच्या अंगणात जायला लागले होते. रंगाच्या डब्या देवळीतून कधी नाहीशा झाल्या ते कुणी पाहिलं नाही. स्टुलाचा पिवळा ठिपका तेवढा राहिला, तो अजून आहे.

चार वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. डोळे मात्र तेच. औषधाची गोळी दिली की उलटसुलट करून बघायचे. नसरीन बघायला आली. तिचेही केस पांढरे झालेले. खाटेजवळ खुर्ची ओढून तासभर बसली, तिच्या नातीचं सांगत राहिली, आणि अण्णा ऐकत राहिले. मग उठली. सवयीनं हात पर्सकडं गेला, चेन उघडली आणि तोंडात शब्द आले, "बघून घ्या..." आणि ती मध्येच थांबली. तिच्याच लक्षात आलं असावं. आता अण्णांना उठून मागच्या अंगणात जाता येत नव्हतं.

अण्णांनी डावा हात पुढं केला. पर्स ओढून आपल्या छातीवर घेतली. आत बघितलं नाही. मान भिंतीकडं वळवून ठेवली होती. आणि डाव्या हाताच्या बोटांनी, चाचपडत, ती चेन लावायला लागले. एक बाजू धरायला दुसरा हात नव्हता. चेन थोडी सरकायची, अडकायची, पुन्हा मागं जायची. मी मदतीला पुढं झाले तर नसरीननं मला हातानं थांबवलं. तिनं पर्सची कड धरली नाही, काही नाही, नुसती उभी राहिली. शेवटी चेन टोकापर्यंत गेली. अण्णांनी पर्स तिच्याकडं ढकलली आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं.

नसरीन पुन्हा खुर्चीत बसली. पर्स मांडीवर घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले. मग मला म्हणाली, "शोभा, धपाटे असतील तर दे ना गं."

मी पीठ मळायला आत गेले.